डोळ्याचा दाखला

कंपनीचा हुकूम आषाढ सरता सरता निघाला. इंजिनावर जो जो उभा राहतो, मग तो साहेब ड्रायव्हर असो की भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, त्याने डॉक्टरसाहेबांना डोळे दाखवायचे आणि दाखला घ्यायचा. ज्याच्याजवळ दाखला नाही त्याने इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. कल्याणच्या शेडमध्ये हा कागद भिंतीला चिकटवला तेव्हा निम्मी माणसं एकेक डोळा झाकून लांबचं बघू लागली. सहदेव आगवाला मात्र हसतच घरी आला.

"मला कसली भीती गं? घारीचे डोळे आहेत माझे," तो शेवंतीला म्हणाला. "उलट बरंच झालं. आता दाखला हातात पडला की शंटरची जागा माझीच. फोरमननं नाव लिहूनसुद्धा ठेवलंय."

शंटर म्हणजे यार्डातलं लहान इंजिन चालवून डबे इकडचे तिकडे करणारा. तसं पाहिलं तर मोठी गाडी नव्हेच ती. पण इंजिनाचा दांडा स्वतःच्या हातात, ही काही थोडी गोष्ट नव्हती. सहदेव नऊ वर्षं कोळसा ओढत होता, त्यातली सहा टेरेन्स या साहेब ड्रायव्हरच्या हाताखाली, आणि नऊ वर्षं त्याच्या मनात तो दांडाच होता.

शेवंतीच्याही मनात दुसरं काही नव्हतं. ती बोलायची कमी आणि बोलली तरी शेजारच्या खोलीत ऐकू जायचं नाही. चाळीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या घरात भांडण झालेलं कळायचं कसं? पण नेमाला ती पक्की. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चूल नाही, गाईला घास दिल्याशिवाय तोंडात घास नाही. यंदा ती महादेवाला नवस बोलली होती, की श्रावणातल्या दर सोमवारी एकशे आठ बेलपानं आणि एकवीस धोतऱ्याची फुलं वाहीन, आणि तीही स्वतः तोडलेली. धोतरा शेडच्या मागे राखेच्या ढिगाऱ्यावर हवा तेवढा माजला होता. त्याला कोण विचारतो? महादेवाला आवडतो म्हणून बायका तोडतात, एवढंच.

आणि तिचा आणखी एक नेम होता, तो देवाचा नव्हता. भट्टीच्या धगीने आणि कोळशाच्या कणांनी सहदेवाचे डोळे लाल होत. म्हणून रोज सकाळी त्याने अंगरखा चढवला की ती त्याच्या डोळ्यांत तुपात खललेलं काजळ घाली. ही शिकवण सासूबाईंची, गोदूबाईंची. शेडमधली माणसं सहदेवाला "आली, आली, नवरी आली" म्हणून चिडवायची. तो म्हणायचा, "चिडवा लेकांनो. चाळिशीत आंधळे झालात की मग या माझ्या बायकोकडे."

श्रावणातला पहिला सोमवार आला, आणि डॉक्टरसाहेब नेमके त्याच दिवशी ठाण्याहून कल्याणला येणार होते.

शेवंती उजाडताच ओल्या लुगड्याने धोतरा तोडायला गेली. फुलं देठासकट काढायची, त्यांतले किडे झटकायचे, फाटलेली पाकळी दिसली की ते फूल बाजूला टाकायचं. बोटं चिकट झाली. एकवीस मोजून ती घरी आली तर सहदेव टोपी घालून उंबऱ्यात उभा.

"अगं, आटप. नऊ वाजता नंबर आहे माझा."

"आले, आले."

तिने हातावर तांब्याभर पाणी ओतलं, पदराला पुसलं आणि काजळाची डबी उघडली. उजव्या डोळ्यात बोट फिरवलं. तेवढ्यात गोदूबाई आतून ओरडल्या, "अगं शेवंते, दूध उतू चाललं!" ती धावली, दूध उतरवलं, राखेने हात घासून धुतले आणि मग डावा डोळा केला.

"जा आता. महादेव पाठीशी आहे," ती म्हणाली.

अकराच्या सुमारास सहदेव परत आला. दारातच बसला. पाण्याचा तांब्या पुढे केला तर घेईना.

"काय झालं?"

"गेलं सगळं."

"म्हणजे?"

"म्हणजे गेलं. डोळा मेलाय म्हणे माझा."

मग तुकड्यातुकड्यांनी त्याने सांगितलं. आधी वीस पावलांवरून पांढऱ्या पुठ्ठ्यावरचे काळे ठिपके मोजायला लावले, ते त्याने घडाघडा मोजले. मग लोकरीच्या लडी पुढे टाकल्या, हिरव्याशी हिरवी लाव, लालाशी लाल. तेही केलं. मग साहेबाने दिवा डोळ्यापाशी आणला आणि थांबला. पुन्हा आणला. उजव्या डोळ्याची बाहुली पावलीएवढी झाली होती आणि दिवा कितीही जवळ नेला तरी लहान होत नव्हती. साहेबाने बारीक अक्षरं वाचायला दिली, ती उजव्या डोळ्याला नुसती मुंग्यांसारखी दिसली. साहेब कंपाउंडरला इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि कागदावर लिहून मोकळा झाला.

"सिल्वेस्टरनं सांगितलं मला," सहदेव म्हणाला. सिल्वेस्टर हा डॉक्टरचा कंपाउंडर, ठाण्याचा किरिस्ताव, मराठी आपल्यासारखीच बोलणारा. "म्हणाला, सहदेवभाऊ, साहेब म्हणतात हा रोग डोळ्याचा नाही, मेंदूचा आहे. हळूहळू वाढणार. इंजिनावर कायमचं बंद. उद्यापासून कोळशाच्या ढिगावर."

"कायमचं?"

"कायमचं असंच लिहिलंय."

गोदूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, धडधाकट पोराला रोग कुठला? त्या मेल्या डॉक्टरलाच दिसत नसेल! कोणी बघितलंय का आणखी? त्या टेरेन्सला बघितलं का?"

सहदेवाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अहो, आई काय विचारतायत?" शेवंती म्हणाली.

"त्याला काय बघायचंय? त्याला खुर्ची दिली, चिरूट दिला. हसले दोघं, आणि दाखला दिला. मी बाहेर उभा होतो, दार उघडं होतं. दिवा तर पेटवलासुद्धा नाही त्याच्यासाठी."

असं म्हणून तो हसला. शेवंतीने तांब्या खाली ठेवला.

"काय आहे? हसलात कशाला?"

"काही नाही."

"सांगा."

तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने घरात ते सांगितलं. टेरेन्स साहेबाला लांबचं दिसत नव्हतं. जवळचं सगळं ठीक, पण दहा पावलांपलीकडे धुकं. इंजिनावर तो दांडा धरून उभा राहायचा, ऐटीत बाहेर बघायचा, आणि सिग्नल जवळ आला की ओठ न हलवता विचारायचा, "क्या बोलता, सहदेव?" सहदेव सांगायचा. त्या काळचे सिग्नल ते: पांढरा, म्हणजे निघा. हिरवा, म्हणजे जपून. लाल, म्हणजे थांबा. एकदा खडवलीच्या वळणावर साहेबाने विचारलंच नव्हतं, पुढे लाल होता आणि रुळावर मालगाडी उभी. सहदेवाने फावडं टाकून स्वतः ब्रेक दाबला होता. मागे तेरा डबे माणसांनी भरलेले. त्याबद्दल साहेबाने त्याला एक बनियन दिलं होतं.

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? साहेब आहे तो. आणि मला सांभाळून घेत होता ना."

"कोण कुणाला सांभाळत होतं?" शेवंती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. पण त्या रात्री तिने भात केला तो खाली लागला, आणि तो लागलेला तिने तसाच वाढला. तिच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सहदेव कोळशाच्या ढिगावर गेला. डोक्यावर टोपली आणि काळं ठिक्कर अंग, आणि ज्या इंजिनावर उभा राहायचा त्याच इंजिनाला खालून कोळसा द्यायचा. वर टेरेन्स साहेबाबरोबर एक नवा आगवाला होता. चाळीत पाणी भरताना बायकांच्या गप्पा सुरू झाल्या. कोणी म्हणे गांजा ओढतो म्हणून बाहुली मोठी झाली. रंगूबाई तर शेवंतीच्या तोंडावर म्हणाली, "नेमधर्म एवढा आणि नवरा नशापाणी करतो, नवलच की नाही!" शेवंतीने घागर भरली आणि ती निघून आली. पण रंगूबाईच्या घरी संक्रांतीचं वाण द्यायला ती त्यानंतर कधी गेली नाही.

शुक्रवारी सहदेवाचा डोळा पहिल्यासारखा झाला. बाहुली लहान, बारीक अक्षरं स्वच्छ. सहदेव धावत फोरमनकडे गेला. फोरमन म्हणाला, कागद मुंबईला गेला, आता देव आला तरी बदलायचा नाही.

घरी येऊन त्याने ते सांगितलं तेव्हा शेवंती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"डोळा बरा झाला तर मेंदूचा रोग गेला कुठे?"

"मी काय सांगू?"

"त्यांना विचारावंसं वाटलं नाही?"

"कोण विचारतंय गं! एक माणूस कोळसा उचलतोय की सिग्नल बघतोय, त्यांना काय त्याचं!"

आणि मग दुसरा सोमवार आला. शेवंतीने व्रत सोडलं नव्हतं. पहाटे राखेच्या ढिगाऱ्यावर गेली, एकवीस फुलं मोजली, घाईने हात धुतले आणि सहदेवाच्या डोळ्यांत काजळ घातलं. ढिगावरच्या भुकटीने डोळे आता आणखीच सुजत होते. या वेळी तिने डावा डोळा आधी केला. मध्येच काजळ संपलं म्हणून नवं खलायला ती आत गेली, तूप लागलेली बोटं शिकेकाईने धुऊन परत आली आणि उजवा केला.

दुपारी भाकरी घेऊन ती ढिगापाशी गेली. सहदेवाने तिच्याकडे वर पाहिलं आणि भर उन्हात डोळा मिटून घेतला. तिने त्याची हनुवटी धरली. चारचौघांत नवऱ्याला असं धरायची तिची रीत नव्हती.

या खेपेला डावी बाहुली मोठी झाली होती.

तिने हनुवटी सोडली. भाकरी तिथेच ठेवली आणि घरी आली. देव्हाऱ्यापुढे परडीत एकविसांवर जास्तीची चार फुलं होती. तिने एक फूल उचललं, देठ मोडला. हिरवट रस बोटाला लागला, चिकट. तिने बोटं नाकाशी नेली, तोच उग्र वास. गेल्या सोमवारी उजवा डोळा आधी, या सोमवारी डावा. घासून धुतलेल्या हाताचा डोळा चांगला, नुसतं पाणी लावलेल्या हाताचा मेला.

तिला आधी स्वतःचाच असा संताप आला की तिने तो हात चुलीच्या दगडावर आपटला. मग तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. "तुझ्याचसाठी तोडलं ना मी?" ती म्हणाली. "तुला सांगता आलं नाही? एवढी मी दारात येते तुझ्या!" त्या दिवशी तिने दिवा लावला, फुलं वाहिली, नेम मोडला नाही. पण देवाशी बोलायचं तिने बंद केलं. बोलायचं ते ज्याने कागद लिहिला त्याच्याशी, असं तिने ठरवलं.

बुधवारी ती सहदेवाला घेऊन ठाण्याला उतरली. सहदेव वाटभर म्हणत होता, "अगं, साहेब हाकलून देईल. बायकांनी असं जाऊ नये." शेवंती पदराखाली फुलं धरून पुढे चालत होती. टेंभी नाक्याच्या पुढे डॉक्टरसाहेबांचा बंगला होता. व्हरांड्यात सिल्वेस्टर बाटल्या पुसत बसला होता.

"वहिनी? तुम्ही इथे?"

तिने पदर कपाळावर ओढून घेतला आणि जे होतं ते सगळं सांगितलं. फुलं, काजळ, उजवा डोळा, डावा डोळा. सांगता सांगता तिला दिसलं की सिल्वेस्टरला नवल वाटत नाही. तो बाटली पुसता पुसता थांबला होता आणि मान खाली घातली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

सिल्वेस्टर उठला, कपाटातली एक तपकिरी बाटली काढून त्याने तिच्यापुढे धरली. "साहेब डोळ्यातला मोतीबिंदू कापायचा असला की आधी याचा थेंब घालतात. बाहुली मोठी होते. ते औषध आणि तुमचा धोतरा यांचा गुण एकच. मला त्या दिवशी वाटलं होतं वहिनी. वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"साहेबानं सांगून टाकलेलं, मेंदूचा रोग म्हणून. त्याच्यानंतर मी बोललो असतो तर माझी जागा गेली असती. घरी आमची म्हातारी मावशी क्लेमेंटिना, माझी तीन पोरं..." तो अडखळला. "नाही बोललो."

सहदेव म्हणाला, "जाऊ दे रे, तुझं काय चुकलं."

"चुकलं," शेवंती म्हणाली. "जाऊ दे कशाला? चुकलं त्यांचं."

एवढ्यात डॉक्टरसाहेब बाहेर आले. सिल्वेस्टरने घाबरत सगळं इंग्रजीत सांगितलं. साहेब हसले, काही बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाईचं म्हणणं आहे. म्हणणं म्हणजे पुरावा नाही."

शेवंतीने पदराखालचं फूल काढलं, देठ मोडला आणि काही कळायच्या आत तो स्वतःच्या उजव्या डोळ्याला लावला.

"वहिनी! विष आहे ते!"

"यांच्या डोळ्यात गेलं तेव्हा विष नव्हतं? तेव्हा मेंदूचा रोग होता ना? सांगा साहेबाला, मी इथे पायरीवर बसते. घड्याळ बघा म्हणावं."

ती बसली. साहेबाला तिला हाकलता येईना, कारण फाटकाशी चार माणसं जमली होती. सव्वा तासाने साहेब स्वतः दिवा घेऊन आले. परक्या पुरुषाने चेहऱ्याजवळ दिवा धरायचा, त्याच्या श्वासाला तंबाखूचा वास, आणि तिने डोळा उघडा ठेवायचा. तिने ठेवला. पापणी हलवली नाही. ज्योतीभोवती नुसता पिवळा चकचकाट दिसत होता.

साहेबांनी दिवा खाली घेतला. वात बारीक केली. मग सिल्वेस्टरला म्हणाले, आणि सिल्वेस्टरने सांगितलं, "साहेब म्हणतात, या लोकांनी डोळ्यात रानटी झाडपाला घालायचा आणि मग आमच्या दारात यायचं! बरं, शनिवारी पुन्हा तपासतो. आणि ज्याच्या हाताखाली काम केलं त्या ड्रायव्हरची सही लागेल, की याची नजर चांगली होती."

म्हणजे चूक त्यांची नाहीच. चूक झाडपाल्याची. शेवंतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तिने वाकून नमस्कार केला, कारण शनिवार पदरात पडला होता.

शनिवारी बंगल्यावर टेरेन्स साहेबही आला. डॉक्टरसाहेबांच्या चिठ्ठीला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. जाड, लालबुंद, मिशीला मेण लावलेला. त्याने सहदेवाच्या खांद्यावर थाप मारली. "क्या रे, बीवीको लेके आया? शाबास!" शेवंतीच्या उजव्या डोळ्याला अजून ऊन सोसत नव्हतं. तिने तो पदराने झाकला होता आणि एका डोळ्याने ती सगळं पाहत होती.

सहदेवाने वीस पावलांवरून ठिपके मोजले. लडी लावल्या. दिवा आला, बाहुल्या लहान झाल्या, दोन्ही. बारीक अक्षरं तर त्याने अशी वाचली की सिल्वेस्टरला हसू आवरेना. टेरेन्स साहेबाने सही केली आणि लेखणी ठेवता ठेवता डॉक्टरसाहेबांना काहीतरी सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी मान हलवली.

"काय म्हणाला तो?" शेवंतीने विचारलं.

सिल्वेस्टरने आवाज खाली घेतला. "म्हणतात, सहदेवाला आगवालाच राहू द्या. शंटरच्या जागेसाठी लायक म्हणून लिहू नका. मला हा सवयीचा माणूस आहे, दुसऱ्याबरोबर माझं जमत नाही."

सहदेवाचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "असू दे गं. इंजिनावर तर चढेन. कोळशाचा ढीग सुटला ना?"

"सिल्वेस्टरबाबा," शेवंती म्हणाली, "त्यांना सवय कसली आहे ते डॉक्टरसाहेबांना सांगा. सहा वर्षं यांनी सिग्नल वाचून दाखवला. त्यांना लांबचं दिसत नाही. ठिपके त्यांच्याही पुढे धरा म्हणावं."

"अगं!" सहदेव दबक्या आवाजात ओरडला. "वेडी झालीस? सही केलीय त्यानं!"

"तुमच्या कागदावर केली आहे. त्या गाडीतल्या माणसांच्या कागदावर कुणी केली? उद्या तुम्ही यार्डात गेलात की त्या इंजिनावर कोण सांगणार आहे? खडवलीला कोण ब्रेक दाबणार आहे?"

सिल्वेस्टरने एकदा तपकिरी बाटलीकडे पाहिलं, एकदा शेवंतीकडे. मग तो इंग्रजीत बोलू लागला. न थांबता, शेवटपर्यंत बोलला.

डॉक्टरसाहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. टेरेन्स साहेब मात्र मोठ्याने हसला. "बाई पागल है! पकडो, पकडो वो कार्ड!" तो पुढे झाला, छाती काढून उभा राहिला, आणि सहदेव त्याच्या डाव्या हाताला होता तिथेच होता, इंजिनावर असायचा तसा. डॉक्टरसाहेबांनी वीस पावलांवर पुठ्ठा धरला.

टेरेन्स साहेबाने डोळे बारीक केले. मिशीखाली ओठ हलले नाहीत.

"क्या बोलता, सहदेव?"

शेवंतीला ते ऐकू आलं. सहदेवाचे ओठ हलू लागलेले तिने पाहिले. सहा वर्षांची सवय, जिभेच्या टोकावर आलेली. सहदेवाने शेवंतीकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे, आणि तोंड मिटून घेतलं.

"सहदेव. क्या बोलता?"

या वेळी आवाज मोठा होता. डॉक्टरसाहेबांनीही ऐकलं होतं. ते एक पाऊल पुढे आले, थांबले. पंधरा पावलांवर आले. दहा पावलांवर. टेरेन्स साहेबाच्या मेणाच्या मिशीवर घामाचे थेंब जमले. सात पावलांवर आल्यावर त्याने ठिपके सांगितले, आणि त्यातही एक चुकला.

दोघे साहेब आपसांत बोलले. हळू, समजुतीने, एकाने दुसऱ्याच्या दंडाला हात लावून. मग डॉक्टरसाहेबांनी सहदेवाच्या कागदावर सही केली: शंटरच्या कामास योग्य. आणि आत जाऊ लागले.

"आणि त्यांचं काय ठरलं?" शेवंतीने विचारलं.

सिल्वेस्टर म्हणाला, "डॉक्टरसाहेब त्यांना सांगतायत की तुम्ही स्वतःहून शेडमधलं काम मागून घ्या. कागद करायची गरज नाही. मागचा दाखला यांनीच दिलेला ना, म्हणून..."

"कागद नाही?"

"नाही."

"यांच्या डोळ्यात एका फुलाचा रस गेला तर त्याच घटकेला कागद झाला. मुंबईला गेला. देव आला तरी बदलत नव्हता. चाळीनं यांना गांजेकस म्हटलं. आणि त्यांना सहा वर्षं दिसत नाही, तर कागद नाही?" तिचा आवाज तेवढाच होता, पण आत निघालेले डॉक्टरसाहेब थांबले. शब्द कळले नव्हते, तरी थांबले. "सांगा त्यांना. दिवा लावायचा कंटाळा आला होता तो कुणाला आला होता, तेही लिहा म्हणावं. मी बसले आहे."

ती पायरीवर जाऊन बसली. पदर सुटला होता, उजव्या डोळ्यात ऊन घुसून पाणी वाहत होतं, तिने पुसलं नाही. सहदेव थोडा वेळ हातात दाखला घेऊन उभा राहिला. मग तोही तिच्याशेजारी बसला. फाटकाशी बुधवारपेक्षा जास्त माणसं होती.

दुपार कलली तेव्हा आतून लेखणी आणि शाई मागवल्याचा आवाज आला. सिल्वेस्टर बाहेर आला आणि नुसती मान हलवली. झालं होतं. कागद मुंबईला जाणार होता.

टेरेन्स साहेब व्हरांड्यातून उतरला. त्याची छाती आता खाली बसली होती. तो सहदेवापुढे थांबला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "एक शब्द, सहदेव. एक शब्द बोलायला तुला काय झाला होता?"

सहदेव उभा राहिला. सवयीने त्याचा हात टोपीकडे गेला, पण टोपीपर्यंत पोचला नाही.

"साहेब, सहा वर्षं बोललोच की."

शेवंतीने पायरीवरची बुधवारची वाळलेली पाकळी पायाने दूर सारली आणि डोळ्यावर पदर घेतला.

"चला," ती म्हणाली, "गाडी चुकेल."